फ्लाइट रद्द झाली, आता कनेक्शनचं काय?

रायपूरच्या स्वामी विवेकानंद विमानतळावरून लंडन, फ्रँकफर्ट किंवा न्यूयॉर्कला थेट विमान नाही. मुलाकडे जायचे तर आधी दिल्ली, मुंबई, हैदराबाद नाहीतर कोलकात्याला उतरायचे आणि तिथून दुसरे विमान धरायचे. देशातल्या देशात कोल्हापूर किंवा श्रीनगर गाठायचे झाले तरी हीच गत. म्हणून रायपूरहून सुटणारे सकाळचे एक विमान रद्द झाले की त्यामागे लावून ठेवलेले सगळेच डळमळते. पुढचे विमान, हॉटेलचे भरलेले पैसे, व्हिसाची मुलाखत, लग्नाचा मुहूर्त, सगळे त्या एका विमानाला बांधलेले असते.

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात देशभर हेच घडले. वैमानिकांची ड्यूटी आणि विश्रांती यांचे नवे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत होते आणि दुसरा टप्पा १ नोव्हेंबरला सुरू झाला होता. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली होती, रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा आली होती. इंडिगोचे वेळापत्रक त्यात बसेना. ५ डिसेंबर या एका दिवसात या कंपनीची हजाराहून जास्त उड्डाणे रद्द झाली. रायपूरच्या वेळापत्रकात इंडिगोचा वाटा फार मोठा, त्यामुळे इथेही माणसे बॅगा घेऊन ताटकळली. दुसऱ्या दिवशी केंद्र सरकारने भाड्यावर तात्पुरती कमाल मर्यादा घातली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० किलोमीटरपर्यंत १२,०००, १,५०० किलोमीटरपर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००. कर आणि विमानतळाचे शुल्क वेगळे. हवाई अंतराने रायपूरहून दिल्ली, मुंबई आणि पुणे ही तिन्ही शहरे १२ हजारांच्या टप्प्यात येतात. थकलेले सगळे परतावे ७ डिसेंबरच्या रात्री ८ वाजेपर्यंत द्या आणि राहिलेले सामान ४८ तासांत प्रवाशाच्या पत्त्यावर पोचवा, असाही आदेश निघाला.

पण हे आदेश आणीबाणीचे होते. एखाद्या साध्या मंगळवारी तुमचे एकट्याचे विमान रद्द होते, तेव्हा मंत्रालय धावून येत नाही. त्या दिवशी उपयोगी पडतो तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा नियम. विमानात जागा नाकारणे, उड्डाण रद्द होणे आणि उशीर होणे या तिन्हींसाठी तो २०१० साली आला आणि भरपाईच्या रकमा २०१६ साली वाढवल्या गेल्या. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही, की तुम्ही कुठून कुठे निघाला आहात हे तो नियम पाहत नाही, तुमचे तिकीट पाहतो. रायपूर ते फ्रँकफर्ट हा तुमच्या मनात एकच प्रवास असला तरी तिकिटे दोन असतील, तर नियमाच्या लेखी ते दोन अनोळखी प्रवास आहेत. त्यामुळे आपले संरक्षण काउंटरवर भांडून ठरत नाही, ते बुकिंगच्या दिवशीच बरेचसे ठरून गेलेले असते.

आधी नियम काय देतो ते पाहू. उड्डाण रद्द करायचे असेल तर कंपनीने किमान दोन आठवडे आधी कळवावे आणि प्रवाशाला मान्य असेल त्याप्रमाणे पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा द्यावा. दोन आठवड्यांच्या आत पण सुटण्याच्या २४ तास आधीपर्यंत कळवले तरी हेच दोन पर्याय, आणि निवड प्रवाशाची. या दोन्ही प्रसंगी वेगळी भरपाई नाही. भरपाईचा प्रश्न येतो तो २४ तासांच्या आत कळवले किंवा कळवलेच नाही तर. तेव्हा कंपनीने एकतर तुम्हाला मान्य होईल असे पर्यायी विमान द्यायचे, नाहीतर तिकिटाचे पूर्ण पैसे परत करून वर भरपाई द्यायची. उड्डाणाचा अवधी तासाभरापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५००, दोन तासांपेक्षा जास्त असेल तर १०,०००. एकाच तिकीट क्रमांकावरचे त्याच कंपनीचे कनेक्टिंग विमान चुकले, तर त्यालाही हीच तरतूद लागू होते.

या रकमांना एक अट आहे आणि ती काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. लिहिलेली रक्कम किंवा तुमचे एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळते. समजा रायपूर ते हैदराबादचे मूळ भाडे ३,२०० रुपये होते, तर ७,५०० हा आकडा विसरा, ३,२०० धरा. स्वस्तात मिळालेल्या तिकिटाची भरपाईही स्वस्तच. उड्डाणाचा अवधी म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा ठरलेला वेळ. तो तिकिटावरच्या दोन वेळांमधून काढता येतो. रायपूरहून दिल्ली आणि मुंबईची कित्येक उड्डाणे दोन तासांच्या अगदी काठावर असतात. दोन तास पाच मिनिटे असेल तर तुम्ही १० हजारांच्या टप्प्यात येता. म्हणून ठरलेल्या वेळा दाखवणारे मूळ तिकीट जपून ठेवा. वेळ बदलल्यावर ॲपमध्ये जुनी वेळ दिसेनाशी होते.

दुसरी अट आणखी नडणारी आहे. बुकिंग करताना प्रवाशाने पुरेसा संपर्क दिला नसेल तर भरपाई देय नाही. आपल्याकडे कितीतरी कुटुंबे अजून ओळखीच्या एजंटकडूनच तिकीट काढतात आणि तिकिटावर मोबाइल नंबर जातो एजंटचा. रद्द झाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर येतो, तो रात्री झोपलेला असतो, आणि कंपनी म्हणते आम्ही तर ३० तास आधी कळवले होते. एजंटकडून तिकीट जरूर घ्या, अडचणीच्या वेळी चांगला एजंट देवासारखा धावतो. पण नंबर आणि ईमेल तुमचाच टाकायला सांगा आणि तिकीट हातात आले की तो तपासा. आई-वडील प्रवास करत असतील तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या बुकिंगमध्ये मुलाचा नंबरही जोडता येतो का ते पाहा.

तिसरी अट म्हणजे कंपनीच्या हाताबाहेरची परिस्थिती. वादळ, पूर, दंगल, सुरक्षेचा धोका, हवाई नियंत्रणामुळे झालेला उशीर, संप, सरकारी आदेश या कारणांनी उड्डाण रद्द झाले तर भरपाई नाही. जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे विमान गेले तर ५,००० किंवा १०,००० मागण्यात अर्थ नाही. परतावा किंवा पर्यायी विमान मात्र तेव्हाही मिळायलाच हवे. काउंटरवर या दोन गोष्टींची सरमिसळ होते. हवामानाचे कारण सांगून परताव्यालाच टाळाटाळ होत असेल तर तिथे ठाम राहा. धुके भरपाई काढून घेते, तिकिटाचे पैसे काढून घेत नाही.

आणि वैमानिक कमी पडले तर? माझ्या मते ही हाताबाहेरची परिस्थिती नव्हे. ड्यूटीचे नवे नियम जानेवारी २०२४मध्येच जाहीर झाले होते; माणसे नेमायला आणि वेळापत्रक बदलायला पुरेसा काळ होता. कोणत्या दिवशी किती वैमानिक लागतील हे ठरवणे हेच विमान कंपनीचे काम. खुद्द इंडिगोनेही सुटण्याच्या २४ तासांच्या आत रद्द झालेल्या उड्डाणांसाठी नियमाप्रमाणे ५ ते १० हजारांची भरपाई देण्याचे जाहीर केले, आणि ३, ४ व ५ डिसेंबरला फार हाल झालेल्या प्रवाशांना त्यावर १०,००० रुपयांची प्रवास व्हाउचर देऊ केली. पुढे कधी ‘ऑपरेशनल कारणामुळे’ एवढेच शब्द असलेला मेसेज आला तर कारण नेमके काय ते लेखी विचारा. ऑपरेशनल म्हणजे हवामान नव्हे. या एका प्रश्नावर भरपाईचा सगळा वाद फिरतो.

आता विमानतळावरचा तो अर्धा तास. मेसेज येतो, त्याखाली दोन बटणे असतात, आणि घाबरलेला माणूस परताव्याचे बटण दाबतो. तिथेच पुष्कळांचे नुकसान होते. परतावा घेतला की त्या प्रवासापुरती कंपनीची जबाबदारी संपली. आता नवे तिकीट तुमच्या खिशातून, त्या क्षणाच्या भावाने; आणि मोठ्या प्रमाणावर उड्डाणे रद्द झालेली असतील तर तो भाव काय असतो ते डिसेंबरमध्ये सगळ्यांनी पाहिले. म्हणून बटण दाबण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा, मला अजून तिथे पोचायचे आहे का? पोचायचे असेल आणि पुढचे विमान त्याच तिकिटावर असेल तर पर्यायी विमान मागा, आणि ते शेवटच्या मुक्कामापर्यंतचे मागा. रायपूर ते दिल्ली एवढेच नव्हे, रायपूर ते फ्रँकफर्ट. कार्यक्रमच हुकला असेल, मुहूर्त टळला असेल, तर परतावा आणि भरपाई घ्या. पर्यायी विमान आणि परतावा ही दोन्ही नियमाने एकदम मिळत नाहीत, त्यामुळे निवड विचार करून करायला हवी.

पर्यायी विमान म्हणून बहुतेकदा त्याच कंपनीचे पुढचे विमान देतात. ते उद्या संध्याकाळचे असेल आणि तुम्हाला चालत नसेल तर तसे सांगा; ‘प्रवाशाला मान्य असेल असे’ हे शब्द नियमातच आहेत. दुसऱ्या शहरातून जाणारा मार्ग सुचवा. रायपूर–दिल्ली भरले असेल तर रायपूर–हैदराबाद–दिल्ली आहे का, रायपूर–कोलकाता–दिल्ली आहे का, हे फोनवर स्वतः शोधून उड्डाण क्रमांकासकट काउंटरवर सांगा. रांगेत शंभर माणसे असताना कर्मचाऱ्याला तुमच्यासाठी शोधायला वेळ नसतो. तयार उत्तर दिले तर तो पटकन तिकीट बदलून देतो. रांगेत उभे असतानाच कुटुंबातल्या दुसऱ्याने कॉल सेंटरला फोन लावावा. आणि समोरच्या मुलामुलींवर ओरडू नका. विमान त्यांनी रद्द केलेले नसते, आणि तुमचे तिकीट मात्र त्यांच्याच हातून बदलायचे असते.

ॲपमध्ये स्वतः तिकीट ‘कॅन्सल’ करू नका. कंपनीने रद्द केलेले उड्डाण आणि प्रवाशाने रद्द केलेले तिकीट यांचे पैसे वेगळ्या हिशेबाने परत येतात. घाईत चुकीच्या ठिकाणी कॅन्सल केले तर शुल्क कापले जाऊ शकते आणि मग ते सोडवून घ्यायला महिने जातात.

तुम्ही विमानतळावर पोचला आहात आणि पर्यायी विमानाची वाट पाहत आहात, तर वेळेच्या मानाने खाणेपिणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. विमान रद्द न करता नुसते पुढे पुढे ढकलत असतील तर उशिराचे नियम लागतात. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला तर खाणे. रायपूरहून सुटणारी जवळजवळ सगळी उड्डाणे यात येतात. देशांतर्गत उड्डाण सहा तासांपेक्षा जास्त लांबत असेल तर सहा तासांच्या आतले पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, यांतले तुम्ही निवडा. उशीर एकूण २४ तासांच्या वर गेला, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यानच्या उड्डाणाला सहा तासांपेक्षा जास्त झाला, तर हॉटेल आणि तिथे जाण्यायेण्याची सोय. कनेक्शन दिल्लीत चुकले आणि रात्र तिथेच काढावी लागत असेल तर या शेवटच्या ओळीची आठवण ठेवा. सोबत म्हातारी माणसे असतील तर आधी हॉटेल मागा, बाकीचे वाद सकाळी.

आता खऱ्या अडचणीच्या जागी येऊ. तिकीट शोधताना संकेतस्थळ तुम्हाला दोन प्रकारची कनेक्शन दाखवते आणि दोन्ही पडद्यावर सारखीच दिसतात. पहिल्या प्रकारात सगळा प्रवास एका तिकिटावर, एका पीएनआरवर असतो. पहिले विमान रद्द झाले किंवा उशिरा आले आणि दुसरे चुकले, तर तुम्हाला पुढे पोचवणे ही तिकीट देणाऱ्या कंपनीची जबाबदारी. बॅग रायपूरलाच शेवटच्या मुक्कामापर्यंत टॅग होते. दुसऱ्या प्रकारात संकेतस्थळाने दोन वेगळी तिकिटे शेजारी ठेवून एक प्रवास बनवलेला असतो. बारीक अक्षरात ‘सेल्फ ट्रान्सफर’ असे काहीतरी लिहिलेले असते. इथे रायपूर–मुंबई रद्द झाले तर ती कंपनी फक्त रायपूर–मुंबईचे पैसे परत करेल. मुंबई–लंडनच्या कंपनीला वाटेल की तुम्ही आलाच नाहीत, म्हणजे तुम्ही नो-शो. ते तिकीट बहुतेक बुडाले. रायपूर–मुंबईच्या चार-पाच हजारांसाठी आंतरराष्ट्रीय तिकिटाचे साठ-सत्तर हजार जातात ते असे. आणि कंपनी एकच असली म्हणून निर्धास्त होऊ नका. एकाच कंपनीची दोन तिकिटे दोन दिवशी वेगवेगळी काढली असतील तरी ती दोन तिकिटेच.

म्हणून पैसे भरण्याआधी पीएनआर एक मिळणार की दोन, हे विचारा. एक असेल तर आणखी एक खूण पाहा. रायपूरच्या काउंटरवर बॅगेला लावलेल्या टॅगवर शेवटच्या विमानतळाचा तीन अक्षरी कोड आहे का? तिथे दिल्लीचाच कोड असेल तर लगेच विचारा; नाहीतर दिल्लीत पट्ट्यावरून बॅग घेऊन पुन्हा रांगेत उभे राहावे लागेल. परतताना मात्र बहुतेक वेळा भारतात उतरल्यावर पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होते, तिथेच बॅग घेऊन कस्टम ओलांडायचे असते आणि पुढच्या विमानासाठी ती पुन्हा द्यायची असते. त्यामुळे येतानाच्या कनेक्शनला जातानापेक्षा जास्त वेळ ठेवा. परदेशात सेल्फ ट्रान्सफर असेल तर आणखी एक फास आहे. बॅग घ्यायला बाहेर पडावे लागते, आणि त्या देशाचा व्हिसा नसेल तर बाहेर पडताच येत नाही.

दोन तिकिटांशिवाय गत्यंतर नाही असे कधीकधी होते. भाड्यात खरोखर मोठा फरक असतो किंवा जाण्याचे आधीच ठरलेले असते. मग वेळेची उशी जाड ठेवा. देशांतर्गतच्या पुढे आंतरराष्ट्रीय विमान असेल तर मी आदल्या दिवशीच दिल्ली-मुंबईला पोचा असे सांगेन, विशेषतः १५ डिसेंबर ते जानेवारीअखेर धुक्याच्या दिवसांत आणि मुंबईच्या जुलैमध्ये. एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च त्या साठ हजारांपुढे काहीच नाही. ते शक्य नसेल तर रायपूरहून दिवसातले पहिले विमान घ्या, शेवटचे कधीच नको. पहिले रद्द झाले तर मागे आणखी विमाने असतात, शेवटचे रद्द झाले की उद्यावर जाते.

दुसरे म्हणजे विमानतळ नीट वाचा. दिल्लीत टर्मिनल एक हे दोन आणि तीनपासून बरेच दूर आहे. मध्ये शटल बस किंवा टॅक्सी लागते. मुंबईत सांताक्रूझचे टर्मिनल एक आणि सहारचे टर्मिनल दोन यांच्यात रस्त्याने जावे लागते. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमाने सुरू झाली आहेत. तिकिटावर दोन्हीकडे ‘मुंबई’ दिसले म्हणून तीन तासांचे कनेक्शन पकडू नका. एक विमान नवी मुंबईला उतरते आणि दुसरे सहारहून सुटते असे झाले तर मध्ये अख्खे शहर आणि त्याची वाहतूक आहे.

एका पीएनआरच्या तिकिटावरही एक धोका आपण स्वतः ओढवून घेतो. रायपूर–मुंबई रद्द झाले, पुढचे विमान उद्या रात्री आहे, म्हणून घरचे ठरवतात की रेल्वेने जाऊ आणि मुंबईहून विमान पकडू. कल्पना चांगली, पण पहिला टप्पा तुम्ही वापरला नाही की संगणक पुढचे सगळे टप्पे, परतीसकट, रद्द करू शकतो. म्हणून निघण्याआधी कंपनीकडून मुंबईपासूनचा प्रवास कायम असल्याचे नवे तिकीट ईमेलवर घ्या. तोंडी ‘हो, चालेल’वर विसंबून मुंबईला जाऊ नका.

रेल्वेचा आधार रायपूरकरांकडे मोठा आहे, कारण शहर हावडा–मुंबईच्या मुख्य मार्गावर आहे. गीतांजली, मुंबई मेल, पुण्यासाठी आझाद हिंद. आणि नागपूरपर्यंत ११ डिसेंबर २०२२ पासून बिलासपूर–नागपूर वंदे भारत. नागपूरला पोचले की तिथल्या विमानतळाची निराळी उड्डाणे उघडी होतात. रायपूरला विमान मिळत नसेल तेव्हा नागपूरची शोधाशोध करायची हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. तत्काळचे बुकिंग आदल्या दिवशी उघडते, एसीचे सकाळी १० ला आणि बिगर-एसीचे ११ ला. विमान दुपारी रद्द झाले असेल तर दुसऱ्या दिवसाच्या गाडीचे तत्काळ बहुधा संपलेले असते. अशा वेळी चार्ट लागल्यानंतरच्या रिकाम्या जागा पाहा.

रेल्वेने जाऊन विमान पकडणाऱ्यांनी एक खटला माहीत करून घ्यावा. अजमेर–जम्मू एक्स्प्रेस जून २०१६ मध्ये सुमारे चार तास उशिरा पोचली आणि एका कुटुंबाचे जम्मूहून श्रीनगरला जाणारे विमान चुकले. त्यांना टॅक्सीने जावे लागले. रेल्वे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि ६ सप्टेंबर २०२१ ला न्यायालयाने सांगितले की उशीर आपल्या हाताबाहेर होता हे रेल्वेने सिद्ध केले नाही, सबब भरपाई द्यावी. टॅक्सीचे १५,०००, बुकिंगच्या खर्चाचे १०,००० आणि मनस्ताप व दाव्याच्या खर्चापोटी प्रत्येकी ५,००० रुपये. इथे रेल्वे आणि विमानाची तिकिटे अर्थातच वेगळी होती. डीजीसीएचा नियम वेगळ्या तिकिटाला ओळखत नाही, पण ग्राहक कायदा सेवेतली त्रुटी आणि तिने झालेले नुकसान पाहतो. दोन तिकिटांवर गेलेल्या माणसाला म्हणून अगदीच दार बंद नाही. फक्त ते दार लांबचे आहे. या कुटुंबाला पाच वर्षे लागली.

त्याच न्यायालयाचा २०२० सालचा दुसरा निकाल प्रवाशाच्या बाजूचा नाही. कोलकाता–अगरतला मार्गावर बोर्डिंग पास हातात असूनही ठरलेल्या वेळेत गेटवर न पोचलेल्या कुटुंबाची तक्रार टिकली नाही. कनेक्शनमध्ये तासभर हाताशी आहे म्हणून जेवायला बसू नका. आधी गेट गाठा.

प्रवास परदेशाचा आणि तिकीट एक असेल तर आणखी मोठे छत्र मिळते. माँट्रियल करार भारताला २००९ पासून लागू आहे, आणि त्यात एकच प्रवास म्हणून काढलेल्या तिकिटातला रायपूर–दिल्ली हा तुकडाही आंतरराष्ट्रीय प्रवासाचाच भाग धरला जातो. उशिराने झालेले खरे नुकसान पावत्यांनी दाखवले तर ते मागता येते. दावा दोन वर्षांच्या आत करायला हवा. सामान उशिरा मिळाले तर हातात आल्यापासून २१ दिवसांत आणि मोडतोड झाली असेल तर सात दिवसांत लेखी तक्रार हवी. युरोपीय संघाचा २००४ सालचा नियम तर पुष्कळच उदार आहे. युरोपातून निघणारे विमान कोणत्याही कंपनीचे असो, ऐनवेळी रद्द झाले आणि कारण कंपनीच्या हातातले होते, तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो. भारतातून तिकडे जाताना मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. म्युनिकहून रायपूरला परतणाऱ्या आजी-आजोबांचे विमान रद्द झाले तर त्यांच्या वतीने मुलाने तिथूनच अर्ज करावा.

परताव्याबद्दल थोडक्यात. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर सात दिवसांत परत यायला हवेत. रोखीने कंपनीच्या कार्यालयात भरले असतील तर तिथेच ताबडतोब. एजंटमार्फत घेतलेल्या तिकिटाचा परतावा हीही कंपनीचीच जबाबदारी. एजंट आणि कंपनीने तुम्हाला एकमेकांकडे पाठवत राहावे असे नियमात कुठेच नाही. पैसे ‘क्रेडिट शेल’मध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा, ठेवायचे की नाही हे प्रवाशाने ठरवायचे. पुढच्या वर्षी नक्की वापराल याची खात्री नसेल तर नको म्हणा. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट ३ मे २०२३ ला. तेव्हा पैसे अडकलेले प्रवासी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत धनकोंच्या रांगेत शेवटी उभे राहिले. कंपनी बंद पडल्याची बातमी आली तर तिच्या उत्तराची वाट न पाहता ज्या बँकेच्या कार्डाने पैसे भरले तिच्याकडे चार्जबॅकचा, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत मिळवण्याचा, अर्ज त्याच आठवड्यात करा. कार्डाने भरलेल्यांना हा मार्ग असतो, रोख देणाऱ्यांना नसतो.

तक्रारीची पायरी चुकवू नका. आधी कंपनीला लेखी, ईमेलवर. संदर्भ क्रमांक घ्या. कंपनीचा नोडल अधिकारी आणि त्याच्यावरचा अपील अधिकारी यांची नावे तिच्या संकेतस्थळावर असतात. तिथे काम झाले नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर. ग्राहक हेल्पलाइन १९१५ हीसुद्धा मध्ये पडते. पैशाची साधी थकबाकी बहुतेकदा इथेच सुटते. मोठे नुकसान असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे दावा करता येतो, म्हणजे कंपनीचे मुख्य कार्यालय गुरुग्रामला असले तरी रायपूरच्या आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दावा दाखल होतो. मुदत घटनेपासून दोन वर्षे.

दावा टिकतो तो कागदांवर. रद्द झाल्याचा मेसेज आणि तो आल्याची वेळ यांचा स्क्रीनशॉट, फलकाचा फोटो, जुने आणि नवे तिकीट, बोर्डिंग पास, जेवणाच्या, टॅक्सीच्या आणि हॉटेलच्या पावत्या, कंपनीने दिलेले विमान रद्द झाल्याचे प्रमाणपत्र. हे सगळे त्याच रात्री स्वतःला ईमेल करून टाका, कारण थर्मल कागदावरची पावती काही काळाने फिकी पडते. अर्जात मागणी आकड्यांत लिहा. तिकिटाचे इतके, नियमाच्या भरपाईचे इतके, चुकलेल्या पुढच्या तिकिटाचे इतके, हॉटेलचे इतके, आणि मनस्तापाचे शेवटी. प्रत्येक आकड्यासमोर त्याची पावती लावलेली असू द्या.